घरी केलेला फॅन एडिट मित्रांना द्यायचा की नाही? कायद्याने आणि कायद्यापलीकडेही

मिरजेचा_मिलिंद

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण जाणकारांनी वेळ काढून उत्तर द्यावं ही विनंती.

मी लग्नाचे व्हिडिओ करतो त्यामुळे एडिटिंग रोजचंच. गेल्या पावसाळ्यात कामं कमी होती तेव्हा एका ऐतिहासिक मराठी सिनेमाचा माझा स्वतःचा कट बसवला. नाव मुद्दाम लिहीत नाही. मूळ सिनेमा पावणेतीन तासांचा, मला मनापासून आवडतो, त्यातली दोन कामं तर अशी झालीयेत की अंगावर काटा येतो, पण मध्येमध्ये एवढं पाणी घातलंय की जीव कासावीस होतो. प्रत्येक तलवार स्लो मोशनमध्ये, प्रत्येक एंट्रीला तीच घोषणा, दोन गाणी नुसती भरतीची आणि एक विनोदी शिपाई जो कथेत काहीच करत नाही. ते सगळं काढलं आणि जेमतेम दोन तासांचा सिनेमा उरला.

एक जागा सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. मोहिमेवर निघायच्या आदल्या रात्री आई समईत तेल घालतेय, मुलगा दारात उभा आहे, दोघं एकमेकांकडे बघतात आणि तिथे मूळ सिनेमात चांगलं चार-साडेचार मिनिटांचं गाणं सुरू होतं. माझ्या कटमध्ये आई वात पुढे सारते आणि पुढचा शॉट थेट पहाटेचे घोडे. बस, तेवढंच. माझे वडील टीव्हीवर कुठलाही सिनेमा लागला की अर्ध्या तासात डुलक्या काढायला लागतात, ते हा शेवटपर्यंत बसून बघत होते.

आता झालंय असं की घरी येऊन ज्यांनी ज्यांनी बघितला ते सगळे ड्राइव्हची लिंक मागतायत. एकजण म्हणतो यूट्यूबला टाक, पैसे घेऊ नको म्हणजे झालं. दुसरा मित्र स्वतः शॉर्ट फिल्म करतो, तो मात्र भडकला, म्हणाला न विचारता दुसऱ्याच्या लेकराचं जावळ काढलंस तू. हे त्याचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

बाहेर हे बरंच चालतं हे माहितीये. १९९९ च्या 'स्टार वॉर्स: एपिसोड वन'मधली वीसेक मिनिटं उडवून एका चाहत्याने त्याचा स्वतःचा कट केला होता आणि २००१ च्या सुमाराला तो व्हीएचएस कॅसेटवर हातोहात फिरला. हॉबिटच्या तीन सिनेमांचा मिळून चार तासांचा एकच सिनेमा २०१५ मध्ये कोणीतरी नेटवर टाकला होता. माझ्याकडे माझ्या सिनेमाची ओरिजिनल डीव्हीडी आहे, विकत घेतलेली, बिलासकट. मग मी नेमकं काय चुकीचं करतोय, आणि कुठपर्यंत केलं तर चुकीचं नाही? कायदा तर सांगाच पण कायदा बाजूला ठेवून तुम्हाला मनातून काय वाटतं तेही सांगा.

चिन्मय_चिंचवड

लिंक मलाही हवीये असं लिहिणार होतो पण थांबलो, कारण इथे टाकली तर हा धागाच उडेल. यूट्यूबचं तेवढं सांगतो. अख्खा सिनेमा टाकला तर कंटेंट आयडी नावाची यंत्रणा तो आपोआप ओळखते, मग एकतर ब्लॉक होतो नाहीतर जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात. आणि कंपनीने रीतसर तक्रार केली तर स्ट्राइक, म्हणजे चॅनेलच्या नावावर नियमभंगाची नोंद. असे तीन स्ट्राइक ९० दिवसांच्या आत आले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. तुमच्या लग्नाच्या व्हिडिओंचं चॅनेल त्याच अकाउंटवर असेल तर पोटावर पाय येईल, तेव्हा ते तरी करू नका.

काळाकोट

मिलिंद, वकिली करतो म्हणून लिहितोय पण ही सर्वसाधारण माहिती समजा.

नेटवर जे फेअर यूज, फेअर यूज म्हणून वाचायला मिळतं, म्हणजे परवानगी न घेता रास्त वापराची मुभा, ते अमेरिकेचं आहे. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याच्या कलम ५२ मध्ये फेअर डीलिंग येतं आणि ते कशाकशासाठी चालेल ती कारणं मोजून दिलेली आहेत: खासगी किंवा वैयक्तिक वापर ज्यात अभ्यास धरलाय, समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. बरं, २०१२ च्या दुरुस्तीच्या आधी ह्या सवलतीत सिनेमा नव्हताच, पुस्तक नाटक संगीत चित्र एवढंच होतं, त्या दुरुस्तीनंतर कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून बाकी सगळं आलं. त्यामुळे घरात बसून स्वतःसाठी कट करणं आणि वडिलांना दाखवणं, ह्याला मी तरी खासगी वापरच म्हणेन आणि कोर्टात उभं राहून तसं मांडायला मला संकोच वाटणार नाही.

लिंक दिलीत की चित्र बदलतं. कलम १४ प्रमाणे सिनेमाची प्रत काढायचा आणि ती लोकांपर्यंत पोचवायचा हक्क मालकाचा. तुम्ही दोन तासांचा केला म्हणून तो तुमचा होत नाही. पैसे न घेण्याबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे म्हणून स्पष्ट लिहितो. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट योग्य कारणं नोंदवून शिक्षा त्याच्यापेक्षा कमी करू शकतं, पण गुन्हा आहे तो आहेच. फुकट वाटलं म्हणून माफ असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता डीव्हीडी विकत घेतली आहे ह्या मुद्द्यावर. हा मुद्दा अमेरिकेत दोनदा घासून बघितला गेलाय. क्लीनफ्लिक्स म्हणून एक मंडळी होती, सिनेमातले नग्न, हिंसक प्रसंग आणि शिव्या काढून 'घरात सगळ्यांनी बघण्याजोग्या' डिस्क द्यायची, आणि प्रत्येक कापलेल्या प्रतीमागे एक ओरिजिनल विकत घ्यायची. म्हणजे निर्मात्याचं एका रुपयाचंही नुकसान नाही असा त्यांचा दावा. २००६ मध्ये कोलोरॅडोच्या न्यायालयाने तो फेटाळला. विकत घेतलेली डिस्क तुमची, तिच्यावरून नवीन प्रती काढून वाटायचा हक्क तुमचा नाही. नंतर विडएंजल आलं, त्यांनीही डिस्क विकत घेतल्या होत्या, पण त्यांचं डिजिटल कुलूप तोडून गाळीव सिनेमा स्ट्रीम केला. २०१९ मध्ये ज्युरीने ६ कोटी २४ लाख डॉलर भरपाई सांगितली, पुढे तडजोडीत रक्कम खूप कमी झाली ती गोष्ट वेगळी.

कुलूप म्हटलं म्हणून, आपल्याकडे कलम ६५अ आहे. डिस्कवरचं किंवा ओटीटीवरचं तांत्रिक संरक्षण उल्लंघनाच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. हेतू हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे, घरच्यासाठी आणि वाटण्यासाठी ह्यात कायदाच फरक करतोय.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण मिरजेत होणारच म्हणून सांगतो: गणपतीत मंडळाचा पडदा लागला की कोणीतरी म्हणणार आपल्या मिलिंदचा कट लावू या. अजिबात लावू देऊ नका. सेन्सॉर सर्टिफिकेट मिळालेल्या सिनेमात परस्पर फेरफार करणं हा १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ७ खाली वेगळाच गुन्हा आहे, शिवाय सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी नाही ते आहेच. शंभर-दोनशे लोकांसमोर लावलात तर खासगी वापर म्हणायला तोंड राहणार नाही.

टेबलावरची

मी गेली बरीच वर्षं मुंबईत एडिटिंग करतेय, आधी असिस्टंट आणि आता स्वतःचं काम. मराठी सिनेमे केलेत, मालिकाही केल्यात. मिलिंद, तुमचा प्रश्न वाचून आधी राग आला मग तो थोडा उतरला मग परत आला, म्हणून सविस्तर लिहिते.

राग कशाचा उतरला ते आधी. तुम्ही जी दोन गाणी काढलीत, शक्यता अशी आहे की ती एडिटरनेही पहिल्या रफ कटमध्ये काढून दाखवली असतील. प्रेक्षकांना वाटतं सिनेमा दिग्दर्शक आणि एडिटर बसून ठरवतात. गाण्याचे हक्क शूटिंगच्या आधी विकलेले असतात, ते गाणं पडद्यावर असणं हे करारात असतं. विनोदी ट्रॅक ठेवा नाहीतर ग्रामीण भागात चालणार नाही असं वितरक सांगतो. स्लो मोशन तर कित्येकदा पुढे ट्रेलरला लागतं म्हणून घेतलेलं असतं. ह्या भांडणात आम्ही रोज हरतो. त्यामुळे कोणीतरी मिरजेत बसून तीच जागा तशीच कापली आणि ती तिथे उभी राहिली हे वाचून, खरं सांगते, बरं वाटलं. आई वात सारते आणि घोडे, हा कट चांगला आहे.

आता परत राग का आला. तुमच्याकडे फायनल मिक्स आहे, आमच्याकडे स्टेम्स असतात म्हणजे संवाद वेगळे, संगीत वेगळं, इफेक्ट्स वेगळे. तुम्ही चित्र कापलंत की पार्श्वसंगीत पण तिथेच तुटतं. पाच चॅनेलच्या साउंडट्रॅकमधला सेंटर चॅनेल उचलला तर संवाद बऱ्यापैकी सुटे मिळतात हे मला माहितीये, पण सेंटरमध्ये पावलं, दार, कपड्यांची सळसळ हेही असतं, आणि बाजूचे चॅनेल बंद केले की खोलीचा आवाजच मरतो. मग वरून दुसरीकडचं संगीत चिकटवायचं. संगीतकाराने त्या प्रसंगासाठी लिहिलेलं नव्हतं असं संगीत त्याच्या नावावर त्या प्रसंगात वाजणार, आणि त्याला ते माहीतही नसणार.

सगळ्यात जास्त खटकलं ते त्या शिपायाचं. कथेत काही करत नाही म्हणून काढला, ठीक आहे, एडिटर म्हणून मीही काढला असता. पण ते काम करणारा माणूस कोण असेल ह्याचा विचार करा. आपल्याकडे असे रोल करणारे बहुतेक जण एकांकिका स्पर्धांमधून, राज्य नाट्यमधून आलेले असतात, तो रोल मिळाला म्हणून गावात पेढे वाटलेले असतात. आम्ही जेव्हा एखाद्याचा रोल उडवतो तेव्हा निदान कोणीतरी फोन करून सांगतं, नेहमी नाही पण सांगतं. तुमची लिंक फिरत फिरत त्याच्या मावसभावाच्या मोबाईलवर जाणार आणि तो म्हणणार अरे तू तर ह्यात नाहीसच. त्याने कोणाला विचारायचं?

म्हणून माझं उत्तर असं की करा, शिका, पण नाव लावून करा आणि सिनेमाचं मूळ नाव जसंच्या तसं लावून फिरवू नका. सुरुवातीला मोठ्या अक्षरात पाटी हवी की हा मूळ सिनेमा नाही, अमुकने कापलाय, अमुक अमुक काढलंय. ह्याने कायदा सुटत नाही हे काळाकोट सांगतीलच, पण माझा राग सुटेल.

मिरजेचा_मिलिंद

ताई, मनापासून आभार. श्रेयनामावली मी पूर्ण ठेवलीये, एकही नाव काढलं नाही, पण शिपायाचा तुम्ही म्हणता तसा विचार केला नव्हता. आता क्रेडिट्समध्ये त्याचं नाव जातं आणि सिनेमात तो नाही, हे तर अजूनच वाईट दिसणार.

काळाकोट साहेब, एक विचारू का, दिग्दर्शकाला समजा आवडला माझा कट आणि तो म्हणाला दे बिनधास्त, तर चालेल?

काळाकोट

नाही चालणार. आपल्या कायद्यात सिनेमाचा ऑथर म्हणजे निर्माता. कलम ५७ मध्ये कलावंताचे खास हक्क आहेत, कृतीची मोडतोड होऊन मानाला धक्का लागला तर दाद मागता येते, अगदी हक्क विकून टाकल्यानंतरही. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं तेव्हा शिल्पकार अमरनाथ सहगल ह्याच कलमावर दिल्ली उच्च न्यायालयात २००५ मध्ये जिंकले. पण ऑथर म्हणून हे हक्क मिळतात आणि सिनेमात ऑथर निर्माता आहे. दिग्दर्शकाची 'हो' तुम्हाला वाचवत नाही आणि त्याची 'नको' निर्मात्याला फारशी अडवत नाही.

फ्रान्समध्ये उलटं आहे. जॉन ह्यूस्टनचा १९५० चा एक कृष्णधवल सिनेमा अमेरिकन मालकांनी रंगवला, तो फ्रेंच टीव्हीवर दाखवायला ह्यूस्टनच्या वारसांनी विरोध केला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वारसांच्या बाजूने निकाल दिला. मालकी कोणाचीही असो, बनवणाऱ्याचं म्हणणं तिथे टिकलं.

रात्रपाळी

काळाकोट यांनी दार उघडलंच आहे तर मी आत येतो, कारण ह्या विषयावर मला बरेच दिवस बोलायचं होतं आणि ऑफिसात ऐकणारं कोणी नाही.

सगळी चर्चा अशी चाललीये की फॅन मोडतोड करतो आणि मालक जपतो. दरवेळी तसं नसतं. स्टार वॉर्सचं उदाहरण मिलिंदने दिलं, त्याचीच दुसरी बाजू बघा. पहिला सिनेमा १९७७ चा. १९९७ मध्ये त्याचा दिग्दर्शक जॉर्ज लुकासने त्यात नवीन कॉम्प्युटर शॉट घातले, प्रसंग बदलले आणि पुढे प्रत्येक आवृत्तीत अजून बदलत गेला. लोकांनी थिएटरात जो बघितला होता तो सिनेमा चांगल्या दर्जात विकत मिळणंच बंद झालं, २००६ मध्ये डीव्हीडीवर बोनस म्हणून दिला तोही जुन्या लेझरडिस्कच्या मास्टरवरून, धूसर. आणि हाच लुकास १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन जुने सिनेमे रंगवण्याविरुद्ध, त्यांच्यात फेरफार करण्याविरुद्ध बोलून आला होता! मग चेक प्रजासत्ताकातल्या एका चाहत्याने ब्लू-रे, ती धूसर डीव्हीडी, जुन्या रिळांचे स्कॅन असं कुठकुठून गोळा करून शॉटमागून शॉट लावून १९७७ चा सिनेमा परत उभा केला. त्याला डिस्पेशलाइज्ड एडिशन म्हणतात. कायद्याने तो बेकायदाच, अगदी मिलिंदच्या कटइतकाच. पण लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०२५ मध्ये जुनी मूळ प्रिंट लावली तेव्हा लोकांनी तिकिटांसाठी धडपड केली, म्हणजे ह्या सिनेमाची तहान खरीच होती. मधली सगळी वर्षं ती कोणी भागवली? चाहत्यांनीच.

आता घरचं. 'रांझणा' २०१३ चा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्याची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून परत प्रदर्शित केली, मूळ शेवटी नायक मरतो तो ह्यात वाचतो. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला. काही उपयोग झाला? थिएटरात लागलाच. मिलिंदने गाणं कापून मित्रांना वाटलं तर सहा महिने ते तीन वर्षं, आणि कंपनीने दिग्दर्शकाच्या डोळ्यांदेखत शेवट फिरवला तर ती त्यांची मालमत्ता. मला हे पटत नाही आणि कधी पटणार नाही. कायद्याला एवढंच कळतं की वस्तू कोणाची. मला दोन वेगळे प्रश्न महत्त्वाचे वाटतात, मूळ सिनेमा लोकांना मिळतोय का, आणि बदल केला तो सांगून केला की लपवून. टीव्हीवर रोज रात्री सिनेमे कापून दाखवतात, 'ए' सिनेमा यूए करून आणतात, अर्धे प्रसंग गायब, पाटी कुठे असते? ताईंनी फॅनसाठी जी पाटी सांगितली ती आधी चॅनेलवाल्यांना लावायला सांगा.

आणि क्लीनफ्लिक्सच्या त्या खटल्यावर ज्याचं नाव आहे तो अमेरिकन दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग, दिग्दर्शकांच्या बाजूने. त्याच माणसाने २०१५ मध्ये स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१' नावाच्या सिनेमाचा स्वतःचा ११० मिनिटांचा कट स्वतःच्या वेबसाइटवर टाकला, मग स्टुडिओ आणि कुब्रिकच्या वारसांनी सांगितल्यावर काढला. मी ह्याला ढोंग म्हणणार नाही. ज्याला सिनेमा जीव लावून आवडतो त्याचे हात शिवशिवणारच, मग तो ऑस्करवाला असो नाहीतर लग्नाचे व्हिडिओ करणारा. पण सोडरबर्गने स्वतःच्या नावाने टाकला आणि सांगितल्यावर काढला. धंदेवाईक मंडळींनी दुसऱ्याचा सिनेमा शुद्ध करून विकला. ह्या दोन गोष्टी माझ्या लेखी एक नाहीत.

टेबलावरची

रात्रपाळी, टीव्हीच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. आमचे एडिट चॅनेलमध्ये जाऊन काय होतात ते घरी बसून बघवत नाही. 'रांझणा'च्या वेळी आमच्या सगळ्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता.

पण स्टार वॉर्सचं उदाहरण मिलिंदना लागू होत नाही. तिथे मूळ सिनेमा हरवला होता आणि चाहत्याने तो शोधून आणला. मिलिंदचा मूळ सिनेमा ओटीटीवर सुखरूप आहे, आज रात्री कोणीही बघू शकतं. इथे वाचवायचं काही नाहीये, फक्त चवीचा प्रश्न आहे. चव असण्याबद्दल माझी तक्रार नाही पण तिला जतनाचं मोठेपण देऊ नका.

प्रभातप्रेमी_काका

तरुण मंडळींनो, विषय छान चाललाय. मी पुण्याचा, निवृत्त. मला कायद्यातलं जुजबीच कळतं पण एक सुचवावंसं वाटतं. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' कधीचाच मोकळा झाला. १९६० च्या आधीचा सगळा मराठी सिनेमा आज असा उघड्यावर आहे आणि त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेट रिळांना आग लागली, जुन्या काळातलं किती काय गेलं. जे उरलंय त्याच्या नेटवरच्या प्रती बघा, आवाज फाटलेला, मध्येच चॅनेलचा लोगो, कोणीतरी चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं, माणसं बुटकी दिसतात. मिलिंदराव, तुमचा हात चांगला आहे असं ताई म्हणतायत. मग तो हात इथे लावा की. चित्र मूळ आकारात आणा, आवाज स्वच्छ करा, सबटायटल घाला म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या नातवंडांना कळेल.

काळाकोट

काका, सूचना उत्तम, एक काळजी मात्र घ्यायची. सिनेमा मोकळा झाला तरी त्यातलं गीत आणि संगीत मोकळं झालं असं होत नाही, त्यांची मुदत रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. तुम्ही म्हणता त्याच सिनेमातलं 'आधी बीज एकले' घ्या. कित्येकांना तो तुकोबांचाच अभंग वाटतो, पण तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलाय. आठवले १९७५ मध्ये गेले, म्हणजे ते शब्द २०३५ संपेपर्यंत संरक्षित. खऱ्या तुकोबांच्या अभंगांना अर्थातच कोणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे काम करा, पण लोकांना देण्याआधी गाण्यांचे हक्क कोणाकडे आहेत ते शोधून विचारा. हे काम निदान विचारून करण्यासारखं आहे, कोणीतरी 'हो' म्हणू शकतं.

मिरजेचा_मिलिंद

काका, नक्की बघतो, मनावर घेतलंय.

माझ्या कटचं असं ठरवतोय. फाइल कोणालाच देणार नाही. ज्यांना हवंय त्यांना फक्त यादी देईन, कुठल्या मिनिटाला कुठल्या सेकंदाला काय काढलं आणि का काढलं. ज्याच्याकडे सिनेमा आहे त्याने स्वतः घरी रिमोट हातात घेऊन बघावं नाहीतर स्वतः कापावं. एक मित्र म्हणत होता की नायकाचं एक वाक्य मध्येच तुटतं तिथे एआयने त्याच्याच आवाजात जोडवाक्य बनवून टाक, कोणाला कळणारही नाही. तेही विचारून घेतो, ते चालेल का?

काळाकोट

आवाजाचं अजिबात करू नका. कापणं वेगळं आणि माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालणं वेगळं. अनिल कपूर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले, अरिजित सिंग २०२४ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयात, एआयने त्यांचा आवाज, चेहरा वापरण्याविरुद्ध, आणि दोघांनाही अंतरिम मनाई हुकूम मिळाले. त्यात पुन्हा तुमचा सिनेमा ऐतिहासिक, महाराजांच्या काळातला, आणि त्यात बनावट वाक्य. ते क्लिप होऊन व्हॉट्सअॅपवर फिरायला लागलं तर कॉपीराइट राहील बाजूला.

यादीची कल्पना चांगली आहे. अमेरिकेने २००५ मध्ये ह्याच धर्तीवर कायदा केला, घरी प्लेअरने प्रसंग गाळून बघायला मुभा, फक्त कापलेली कायमची प्रत बनवायची नाही. आपल्याकडे तसं खास कलम नाही, पण वेळांची यादी म्हणजे सिनेमाची प्रत नव्हे, तिच्यात एकही फ्रेम नाही. का काढलं ते लिहिलंत तर ती समीक्षाच झाली आणि समीक्षेला कलम ५२ आहेच.

टेबलावरची

ह्या यादीला आम्ही ईडीएल म्हणजे एडिट डिसिजन लिस्ट म्हणतो, आमचं रोजचं काम आहे ते. फक्त एक गोष्ट नीट करा नाहीतर लोक शिव्या देतील. तुमची डीव्हीडी पाल (टीव्हीची एक पद्धत) असेल तर ती सेकंदाला २५ फ्रेमची आहे, सिनेमा २४ चा. डिस्कवर तो चार टक्के जलद पळतो, म्हणजे पावणेतीन तासांचा सिनेमा डिस्कवर साडेसहा-सात मिनिटं लवकर संपणार. तुमच्या डिस्कवरून काढलेल्या वेळा ओटीटीवर लावल्या तर शेवटाकडे सगळं घसरलेलं असेल, लढाईच्या ऐवजी भलतंच कापलं जाईल. म्हणून यादीच्या वरती आधी लिहा कुठल्या प्रतीवरून काढली, एकूण लांबी किती, आणि प्रत्येक कटला नुसती वेळ न देता खूण द्या, आई वात सारते तिथून, घोड्याची पहिली टाप ऐकू येते तिथपर्यंत, असं. आणि शिपायाच्या नोंदीत त्या नटाचं नाव लिहा. यादी झाली की इथेच टाका, मी वेळा तपासून देईन.